मोर्चाला नेलेली मार्कशीट

लेक उद्याच्या मोर्चासाठी बोर्ड रंगवतेय. नवरा बजावतोय, "कागद जवळ ठेव, शांतपणे चाल, मग कोण हात लावतंय?"

मार्करच्या उग्र वासाने मला वीस वर्षांपूर्वीचा, अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावातला माझा पहिला मोर्चा आठवला. पोलिसांच्या गोळीने एक कृष्णवर्णीय माणूस गेला होता. मी नवीन, व्हिसावर. म्हणून पासपोर्ट, लग्नाचं सर्टिफिकेट, अगदी दहावीची मार्कशीटसुद्धा फाइलमध्ये घालून, ती छातीशी कवटाळून चालत होते. गणितात दीडशेपैकी एकशे बेचाळीस होते, दाखवायला लाज कसली!

शेजारच्या कृष्णवर्णीय रूथआजी ती मार्कशीट बघून भर रस्त्यात पोट धरून हसल्या. "हे कशाला गं?"

"पोलिसांनी विचारलं तर!"

डोळे पुसत त्या म्हणाल्या, "पोलिसांनी ठार मारलं तेव्हा माझ्या भावाच्याही खिशात सगळे कागद होते. नीट घडी घालून."