कणगीतली गोदी आणि पाचवीचा वर्ग

पांगरखेडीची मनकर्णाबाई म्हणजे भित्री बाई. पण साधीसुधी भित्री नव्हे. देवी टोचणारा आला की ही मळ्यातल्या वांग्यांच्या ओळीत आडवी व्हायची. खाकी सदरा दिसला, मग तो पोस्टमनचा का असेना, की पदर तोंडावर. एकदा देऊळगाव राजाच्या बाजारात भाजी विकून परतताना घाईघाईत समोरच्या एस.टी.त चढली. गाडी सुटल्यावर कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" समोर खाकी कपडे पाहून हिची बोबडी वळली. म्हणाली, "जिथं जाईल तिथं." गाडी गेली जालन्याला, आणि गाडीबरोबर बाईपण. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आली, रिकामी टोपली छातीशी धरून. नवऱ्याला, शेषरावला, एवढंच म्हणाली, "माह्या अन्नपूर्णाले गाडीवरली पाटी वाचता आली पायजे. बाकी काही नाही आलं तरी चालते."

तर अशी ती थोरली पोर अन्नपूर्णा शाळेत गेली आणि एकोणीसशे त्रेसष्ट साली चौथीत पोचली. महाराष्ट्र राज्य तीन वर्षांचं, जिल्हा परिषद तर त्याहून तान्ही. गावची शाळा चौथीपर्यंतच. पुढच्या जूनपासून पाचवी उघडायची, पण गावात शाळेच्या वयाची ऐंशी पोरं भरली तरच, असं वरून कळलं. भादव्यात वामनराव मास्तर वही घेऊन घरोघर मोजायला निघाले.

मास्तरांच्या आधी अफवा निघाली होती. विहिरीवर बाया सांगत होत्या, सक्तीचा कायदा आला. ज्या पोरीचं नाव वहीत चढलं ती एक दिवस घरी राहिली की बापाले दंड अन् मायले जेल. पोरांचं ठीक होतं, ती अशीही हुंदडतच होती. पण पोरी गेल्या तर तान्ही लेकरं कोण सांभाळणार? मनकर्णाबाईची धाकटी गोदी सात वर्षांची होती. दिवसभर कडेवर भाऊ घेऊन ती हिंडायची, म्हणून मळ्यात आईचे दोन्ही हात मोकळे असायचे.

मास्तरांचा आवाज गल्लीत ऐकू आला आणि मनकर्णाबाईनं गोदीला उचलून रिकाम्या कणगीत सोडलं. वर सूप झाकलं. भादव्यात कणग्या रिकाम्याच, ज्वारी अजून वावरात उभी. मास्तर दारात आले.

"शाळेच्या वयाची किती?"

"एकच. अन्नपूर्णा."

तेवढ्यात कणगीतली धूळ गोदीच्या नाकात गेली आणि ती शिंकली.

"मांजर हाये," मनकर्णाबाई म्हणाली.

"मांजर शिंकलेलं मी पहिल्यांदाच ऐकतो," मास्तर म्हणाले. पण ते परगावचे, तीन महिन्यांपूर्वी आलेले. त्यांनी 'एक' लिहिलं आणि पुढच्या घरी गेले. पुढच्या घरी, त्याच्याही पुढच्या घरी हाच प्रकार. त्या दिवशी निम्म्या गावाच्या कणग्यांत पोरी होत्या.

दिवाळी झाली आणि कागद आला. मास्तरांनी चावडीवर वाचून दाखवला. मुलांची संख्या अपुरी, अठ्ठावन्नच भरली, सबब पाचवीचा वर्ग मंजूर नाही.

आठ दिवसांत शेषरावची थोरली बहीण रुखमाबाई येऊन बसली. "शेषा, पोरीची शाळा सरली ना आता? उन्हाळ्यात माह्या पोरासाठी, मोतीरामासाठी, दे."

शेषरावनं मान डोलावली. मनकर्णाबाई चुलीजवळून म्हणाली, "अन् पाचवी असती तं?"

"असती तं शिकली असती," तो म्हणाला. "सरकारच नाही म्हणते, मी काय करू?"

नाही कोण म्हणालं ते मनकर्णाबाईला ठाऊक होतं. सरकार नव्हे, आपण सूप झाकलं.

दोन दिवस तिनं कोणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी शाळेच्या मागं जाऊन मास्तरांपुढं सगळं ओकून टाकलं. मास्तरांनी वही काढून तिच्या घरापुढचं 'एक' पाहिलं. मग म्हणाले, "हे साहेबांना सांगावं लागेल. मी सांगून उपयोग नाही, माझीच मोजणी चुकली. पालकानं स्वतः जाऊन सांगितलं तर ऐकतील."

"अन् जेल?"

"ते मला माहीत नाही, बाई."

बाजाराच्या दिवशी ती पंचायत समितीच्या ओट्यावर टोपली घेऊन बसली. आत जाणारा येणारा प्रत्येक जण तिला फौजदार वाटे. तीनदा उठून चालू लागली, तीनदा परत आली. शेवटी शिपाईच ओरडला, "भाजी बाजारात विका, इथं काऊन बसल्या?" त्याला उत्तर द्यायच्या भीतीनं ती थेट साहेबांच्या खोलीत घुसली.

"काय पाहिजे?" शिक्षण खात्याच्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"सायब, मी खोटं बोलले. मले दोन पोरी हायेत."

"मोजणीच्या वेळी दुसरी कुठं होती?"

"कणगीत."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "आणखी कोणी कोणी लपवल्या?"

घरांची नावं तिच्या जिभेवर रांगेनं उभी राहिली. एक सांगितलं असतं तर सगळी सुटली असती. तिनं ओठ आवळले. "मले माह्याच घरचं माहीत."

"एका पोरीनं पाचवी उघडत नाही, बाई."

"मंग पुन्हा मोजा, सायब. आता कणग्या भरल्या हायेत."

साहेब हसले नाहीत, पण कारकून खोकत बाहेर गेला आणि बऱ्याच वेळानं परत आला. त्यानं कागद लिहिला, वाचून दाखवला. त्यात 'खोटी माहिती दिली' असे शब्द होते. "याले दंड पडते का?" तिनं विचारलं. "पडू शकतो," साहेब म्हणाले. तिनं अंगठा पुढं केला, मागं घेतला; शेवटी कारकुनानंच तो धरून टेकवला.

पौषात पोस्टमननं तिच्या नावाचं पाकीट आणलं. आयुष्यातलं पहिलंच. ती समजली, जेलची नोटीस. अन्नपूर्णा वाचू शकली असती, पण पोरीच्या तोंडून मायचा तुरुंग कसा ऐकायचा? तिनं ते वाळल्या मिरच्यांच्या पोत्यात खुपसलं. चार दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. कुत्रं भुंकलं की ती दाराआड. पाचव्या दिवशी सकाळी अन्नपूर्णा मिरच्या काढायला गेली आणि पाकीट घेऊन आली. आईनं हिसकून घ्यायच्या आत तिनं ते फोडलंही होतं.

"माय, यात फेरमोजणी लिहिलं हाये. सोमवारी दुपारी. पोरांना शाळेपुढं हजर ठेवावं, अन् हे तू सगळ्याईले सांगावं."

"आज कोणता वार?"

"सोमवार."

पहिली मोजणी चुकली म्हणून वामनराव मास्तरांना तर त्या दिवसापुरतं तालुक्यालाच थांबवून घेतलं होतं. गावात कोणालाच पत्ता नाही. मनकर्णाबाई अनवाणी धावत सुटली. दारोदार तेच बोलणं. बाया दार अर्धंच उघडत.

"अन् दंड?" कलाबाईनं विचारलं.

"दंड माह्या नावावर. अंगठा मी देला. तुम्ही फक्त पोरी काढा."

हे खरं की खोटं, तिला काय माहीत? बोलून गेली आणि पुढच्या दाराकडे पळाली.

दुपारी जीप आली. शाळेपुढं मनकर्णाबाई, अन्नपूर्णा, आणि कडेवर भाऊ घेतलेली गोदी. बाकी अंगण रिकामं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मनकर्णाबाईला वाटलं, आता जमीन दुभंगावी. मग गल्लीच्या तोंडाशी कलाबाई दिसली, दोन्ही हातांना दोन पोरी. तिच्यामागं आणखी तिघी. मग तर रांगच लागली, जणू हळदीकुंकू आहे. कारकून मोजता मोजता दोनदा चुकला. एकूण भरली ब्याऐंशी.

साहेबांनी वही मिटली आणि मनकर्णाबाईकडं वळले. "दंड माफ केला. पण आज दिसली ती प्रत्येक पोर जूनपासून रोज वर्गात दिसली पाहिजे. नाहीतर पहिला कागद तुमचाच निघेल."

जूनमध्ये पाचवी उघडली. मोतीरामाला दुसरीकडची सोयरीक पाहावी लागली आणि रुखमाबाई वर्षभर भावाशी बोलली नाही. मनकर्णाबाई तान्ह्याला पाठीशी बांधून वांगी खुरपायची. सकाळी गोदी पोट दुखतं म्हणाली की आईला साहेबांचा कागद आठवायचा. मग बाळ पाठीवर, गोदी कडेवर, अशी ती शाळेपर्यंत जायची, पोर मास्तरांच्या पुढ्यात ठेवायची आणि विचारायची, "मास्तर, हजेरी घेतली ना? माह्यासमोर लिहा."

तिला तर वाचता येत नव्हतं. पण मास्तर लिहीपर्यंत ती दारातून हलायची नाही.