गॉथकाकांचं अकरावं नाणं

गॉथकाकांच्या घरी शिंकायला बंदी होती. टेबलावर मखमलीच्या तुकड्यावर त्यांची अकरा नाणी मांडलेली असत. ऑस्ट्रोगॉथ नावाच्या जुन्या युरोपी टोळीची, दीड हजार वर्षांपूर्वीची, चांदीची, करंगळीच्या नखाएवढी आणि इतकी पातळ, की एका शिंकेसरशी सोफ्याखाली. काका मूळचे सांगलीचे. नागोयाच्या मोटार कारखान्यात उमेदीची वर्षं काढली आणि काकू गेल्यावर कॉन्ट्रॅक्टवर टोकियोत आले. हिगाशी-कसाईच्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहत. आग्रहानं चहाला बोलवत आणि तो ओट्यापाशी उभं राहून प्यायला लावत.

नाण्यांवर पुढे कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाचा चेहरा. इटलीत प्रत्यक्ष राज्य करणाऱ्या गॉथ राजाचं नाव मागच्या बाजूला, अक्षरं एकमेकांत गुंफून. "पुढे साहेबाचं तोंड, मागे आपलं काम," काका म्हणत. "आपण कॉन्ट्रॅक्टवाले वेगळं काय करतो?" माझ्या नवऱ्याला हे इतकं पटलं, की महिनाभर तो ऑफिसात बॉसकडे बघून गालात हसत होता.

इथल्या पहिल्या दिवाळीत माझं लक्ष्मीपूजनाचं नाणं पुण्यातच राहिलं होतं. काकांनी आपणहून अकरातलं एक आणून दिलं. लक्ष्मीला गॉथ चालतात म्हणाले. नरकचतुर्दशीला मी निरांजन आणि करंडा घासायला घेतला, आणि सवयीनं त्या काळवंडलेल्या नाण्यालाही दंतमंजन लावलं. चांगलं खसखसून घासलं. धुऊन पाहते तर सम्राटाचं नाक गेलेलं आणि राजाची निम्मी अक्षरं पुसलेली.

मग मी जे केलं ते मला शोभणारं नव्हतं. पूजेत नाण्यावर हळदीकुंकवाचा ढीग घातला आणि फराळाला आलेल्या काकांना न विचारता चार चकल्या वाढल्या. त्यांनी नमस्कार केला, बोटानं कुंकू बाजूला सारलं आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"दीड हजार वर्षांत या राजाला कुणी अभ्यंगस्नान घातलं नव्हतं," ते म्हणाले. "तू घातलंस." आणि पाचवी चकली मागितली. त्यानंतर मी दारात दिसले, की ते चष्मा खिशात घालत, घासून ठेवशील म्हणून.

गेल्या वर्षी काका कायमचे सांगलीला परतले. नाणी घरात अडकवू नयेत, हा त्यांचा हट्ट. सगळी अकरा त्यांनी एका संग्रहालयाला देऊ केली होती. संग्रहालयानं दहा ठेवून घेतली आणि घासलेलं एक, दोनदा कमरेत वाकून, परत केलं. विमानतळाच्या बसपाशी त्यांनी हे सांगितलं, तेव्हा मी पहिल्यांदा धड माफी मागितली.

"अगं, ते हिनं, तुझ्या काकूनं निवडलेलं. नागोयातल्या आमच्या पहिल्या दिवाळीला," काका म्हणाले. "म्हणून तुला पूजेला तेच दिलं. संग्रहालयाला सगळी द्यायचा शब्द तर देऊन बसलो होतो, पण हे द्यायला हात धजत नव्हता. तू सोडवलंस."

मला रडू आवरेना. बस सुटली तेव्हा काकांनी डाव्या हातानं निरोप दिला. उजवी मूठ त्यांनी उघडलीच नाही.