टोपणनावाने दिलेला अभिप्राय

माझ्या सतरा वर्षांच्या मुलीने एका व्हिडिओ गेममधली धून घेऊन तिला आयर्लंड-स्कॉटलंडकडचा, सेल्टिक म्हणतात तो बाज दिला होता. व्हायोलिन, बासरी, ढोल हे सगळं लॅपटॉपमधलं. मध्यावर येणारा बॅगपाइप तेवढा खरा. आम्ही राहतो त्या हिंदी मुलखातले लग्नाचे बँडवाले त्याला मशक म्हणतात. आदर्श नगरातल्या एका बँडवाल्याला गाठून, त्याला धून ऐकवून, तिने ती त्याच्याकडून वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतली होती.

"बाबा, खरं सांग."

"छान आहे."

"छान मतलब?"

"म्हणजे छान."

"आईच्या उपम्यालापण तू छानच म्हणतोस." तिने माझ्या कानांवरचे हेडफोन काढून घेतले.

मी विमा कचेरीत आहे. हाताखालच्यांच्या वार्षिक अहवालात वर्षानुवर्षं 'सुधारणेस वाव आहे' असं लिहीत आलोय, पण कुणाच्या तोंडावर ते म्हटल्याचं आठवत नाही. शिवाय बरीच पुस्तकं वाचलेल्या माणसाला संगीतातलंही कळतं असा एक समज असतो, मुख्यतः त्या माणसाचाच.

असे रीमिक्स करणाऱ्यांचा इंटरनेटवर एक गट आहे. एकमेकांचं ऐकायचं, अभिप्राय द्यायचा, सुधारून पुन्हा टाकायचं. वर्षाअखेर तीन जुने सभासद निवडक रचनांचा संग्रह काढतात. मुलगी दिवाळीपासून त्यासाठी खपत होती. शेवटची मुदत रविवारी दुपारी एकची. मी टोपणनावाने त्या गटात शिरलो आणि इंग्रजीत चार परिच्छेद लिहिले. व्हायोलिनचं कौतुक केलं. मशकीचा प्रवेश मात्र आगंतुक आहे, त्याने रचनेच्या अंतर्गत सुसंगतीला बाधा येते, असं ठोकून दिलं. खरं कारण एवढंच की मशक ऐकली की मला खिडकीखालून वरात चालल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "एकाने काय मस्त लिहिलंय! बाकीचे नुसते अंगठे टाकतात. हा प्रोफेसर टाइप आहे."

"रिकामटेकडा दिसतोय," बायको म्हणाली. मी वरण वाढून घेतलं.

गुरुवारपर्यंत मशक गेली होती. तिच्या जागी लॅपटॉपमधली सनई-बासरी असं काहीतरी आलं होतं आणि सगळी रचना हॉटेलच्या लिफ्टमध्ये वाजावी तशी झाली होती. खाली लोक विचारत होते, ती मशक कुठे गेली? मुलगी प्रत्येकाला माझी वाक्यं उत्तरादाखल देत होती.

शुक्रवारी कचेरीत माझं कामात लक्ष नव्हतं. दर दहा मिनिटांनी फोन काढून तेच पान उघडत होतो. मत मागे घेण्यासाठी प्रोफेसरच्या नावाने दोन ओळी लिहिल्या, पुसल्या. असली माणसं मत मागे घेत नसतात. मग दुसरं टोपणनाव घेऊन पहिल्याला खोडून काढावं असं वाटलं. माझी मजल तिथवर गेली होती. शनिवारीही बोललो नाही.

रविवारी अकराला तिच्या खोलीत गेलो. "तो प्रोफेसर मी आहे."

ती आधी हसली. मग माझा चेहरा बघून थांबली.

"मतलब, तू मला उल्लू बनवलंस?"

"तसं नाही गं—"

"माझ्यासमोर छान म्हणालास! आणि मी त्या बँडवाल्या भैयांना फोन करून सांगितलं, तुमचं काढलं, लोगों को पसंद नहीं आया. ते म्हणाले, कोई बात नहीं बेटा. लोग मतलब कोण? तू!"

स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "काय झालं?"

मुलीने हेडफोन माझ्या डोक्यावर चढवले. "दोन्ही ऐक. आणि माझ्याकडे बघून बोल."

मी दोन्ही ऐकल्या.

"मशक हवी."

"का?"

त्या 'का'चं खरं उत्तर मी चार परिच्छेदांत कुठेच दिलं नव्हतं. "ती येते तेव्हा दचकायला होतं," मी म्हणालो. "मला ती चूक वाटली होती. पण ती काढल्यावर पुढे कशाची वाटच बघावीशी वाटत नाही."

मी घाईघाईने म्हणालो, "आणि शेवट लांबलाय."

"नाही लांबलेला. गेममध्ये तिथे हीरो एकटा चालत जातो. पूर्ण रस्ता."

"मला गेम माहीत नाही."

"मग त्याबद्दल बोलू नको." तिने मशकीची फाइल पुन्हा जागेवर ओढली, सुरुवातीपासून वाजवून बघितली. शेवटाला हात लावला नाही. घड्याळात साडेबारा होत आले होते. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "अजून?"

मी खुर्ची जवळ ओढली आणि तिला सांगितलं, ढोल मला जरा मोठा वाटतोय.