तीन पायऱ्या आणि धाकटीच्या चपला

सकाळी चहाचे कप विसळता विसळता धाकटी मॅचिंगच्या दुकानातल्या गमती सांगत होती. दुकानवाल्या बाईंनी म्हणे तिला स्टूल दिलं, गल्लीभरच्या बातम्या पुरवल्या, मग कुठे दोऱ्याचं रीळ काढलं. थोरली जाऊ मशीनवर ब्लाउजची बाही जोडत ऐकत होती. तिनं रीळ कापडाला लावून पाहिलं तर रंग जरासा चुकलेला.

"तिथल्या दिव्यात सारखाच दिसला हो, ताई. बदलून आणते. चपला सरकवल्या की निघाले."

तेवढंच थोरलीला डाचलं.

दोघींचं तसं बरं चालायचं. पाय गेल्यापासून थोरली चाकांच्या खुर्चीत. शिवण तिचं; पण कापड निवडायला, मापं घ्यायला, बायकांशी गप्पा हाणायला धाकटी. कौतुक रस्त्यात धाकटीच्याच पदरात पडे, घरी येईस्तोवर निम्मं सांडलेलं असे. दाराशी तिच्या चपलांच्या टाचा झिजून कागद झाल्या होत्या. थोरलीला त्या टाचांचासुद्धा हेवा वाटे. धाकटी वाईट असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

त्यांच्या तळमजल्यावरच्या घराचं दार वाजलं. इमारतीचे सेक्रेटरी, मागे गवंडी.

"वहिनी, तुमची टेप द्या जरा. हा पठ्ठ्या स्वतःची घरीच विसरलाय."

"कशाला हो?"

"मागच्या शेडला उतार करतोय. स्कूटर चढवताना आपटतात."

मशीन थांबलं. म्हणजे आता स्कूटरींवरही जळायचं.

"आणि इमारतीच्या पुढच्या दाराच्या तीन पायऱ्या?"

"तिथली कोणाची तक्रार नाही."

"आमचं काही अडत नाही," धाकटी ओट्यापाशीच हसली. "ताईंना आम्ही अलगद उचलून नेतो की."

"नेता, खरंय," थोरली म्हणाली. "पण तू चपला सरकवून निघतेस. मला आधी भाऊजींची सुट्टी बघावी लागते, मग तुझी सवड. मीही इथंच राहते ना? मग माझं बाहेर पडणं दुसऱ्यांच्या मर्जीवर का?"

धाकटीचा चेहरा उतरला. हातातला कप तिनं उगाच पुन्हा विसळला.

"पुढच्या वर्षी बघू, वहिनी," सेक्रेटरी पुटपुटले.

थोरलीनं टेप गवंड्याच्या हातात दिली.

"शेडचं माप घ्या, आणि पुढच्या दाराचंही आजच घ्या. तिथं माझ्या खुर्चीपुरता उतार करा. मला एकटीला बाहेर जाता यायला हवं."