टोपडं घातलेला कॅमेरा

नोव्हेंबरमधल्या एका गुरुवारी भाऊजी हॉस्पिटलला ड्यूटीवर जायला निघाले आणि लंडनमधल्या हॅरोच्या स्टेशनवर कोसळले. दुपारी ताईचा फोन आला. भाऊजी गेले होते.

थंडीला इतका घाबरणारा आणि तरी दर हिवाळ्यात आपणहून थंडीच्या घरी पाहुणा जाणारा माणूस साऱ्या इंग्लंडात दुसरा नसेल. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान भूल देणारे डॉक्टर. ऑक्टोबर लागला की घरातसुद्धा त्यांच्या डोक्यावर माकडटोपी असे. सेंट्रल हीटिंगचं बटण हे त्यांचं कुलदैवत. येताजाता त्याला हात लावल्याशिवाय ते पुढे सरकत नसत. आणि हाच माणूस जानेवारीत रजा काढून, एकावर एक स्वेटर चढवून, बॅगेत मेतकूट नि सुंठीची पूड भरून नॉर्वेच्या पार उत्तरेला नॉर्दर्न लाइट्सचे फोटो काढायला जाई.

याचं कारण ताई होती. शाळेत असताना तिने भूगोलाच्या पुस्तकात त्या प्रकाशाचं चित्र पाहिलं होतं, काळंपांढरं आणि धुरकट छापलेलं. लग्न ठरलं तेव्हा तिने या लंडनच्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, की तुमच्याकडून ते दिवे दिसतात का. भाऊजींनी नकाशा न बघता हो म्हणून टाकलं. इकडे आल्यावर कळलं की हॅरोहून दिसतो तो रस्त्यावरच्या दिव्यांचा नारिंगी उजेड. पुढे ताईचा दमा वाढला, थंड हवेत दोन पावलं चालली की तिची छाती भरून येई. तिला उत्तरेकडे जायला मनाई केली तीही भाऊजींनीच. मग दिलेला शब्द पाळायला उरला एकच मार्ग: ते दिवे फोटोत घालून घरी आणायचे.

जग डिजिटल झालं तरी भाऊजींनी रोलचा कॅमेरा सोडला नाही. फोटोंचं पाकीट पहिल्यांदा ताईनेच उघडायचं, असा घरचा नियम होता, आणि आधीच पडद्यावर डोकावून बघणं त्यांना अप्रामाणिकपणाचं वाटे. लाइट्स ढगाआड राहिले की ते दिवसा प्राण्यांच्या मागे लागत. त्यांच्या ध्रुवीय कोल्ह्याला फक्त शेपूट असे, कारण फोटो काढण्याआधी ते त्याला मोठ्याने "अहो, जरा इकडे" म्हणत. देवमासा वर येऊन गेल्यानंतरचं पाणी त्यांनी अनेकदा टिपलं होतं. ताई एकेक फोटो चष्म्याजवळ धरून शांतपणे म्हणे, "हे पाणी ब्रायटनलाही मिळालं असतं." भाऊजी तेवढ्याच शांतपणे सांगत, "पण यातून देवमासा नुकताच गेलाय."

एका वर्षी त्यांनी मलाही नेलं. मी रीडिंग नावाच्या गावात राहणारा, पुस्तकातून डोकं न काढणारा माणूस. माझा उपयोग तिपाई धरण्यापुरता. तिथे भर दुपारी अंधार पडतो. संध्याकाळी चहाच्या वेळेला आम्ही आकाशाकडे बघत उभे. बरोबरच्या नॉर्वेजियन वाटाड्याने बजावलं होतं, की कॅमेरा बाहेर थंडीतच राहू द्या, आतबाहेर करू नका. भाऊजींनी मान डोलावली आणि मला मराठीत म्हणाले, "यांच्यात तान्ही मुलंसुद्धा बाहेर बर्फात झोपवतात. यांचं काय ऐकायचं?" असं म्हणून त्यांनी कॅमेरा लॉजमध्ये नेला, गरम पाण्याच्या पिशवीने शेकला, ताईने त्याच्यासाठी विणलेलं लोकरीचं टोपडं त्याला घातलं आणि दुपट्यात गुंडाळून परत आणला.

आणि त्याच वेळी आकाश उघडलं. डोंगरामागून हिरवा पट्टा वर चढला, त्याला घड्या पडल्या, घड्या हलू लागल्या, खालच्या काठाला जांभळी झाक आली. भाऊजी टोपडं काढून फोटो घेत सुटले. अख्खा रोल संपवला. परतताना गाडीत ते सारखं म्हणत होते, "आता तुझ्या ताईला काय वाटेल रे."

हॅरोला पाकीट आलं. ताईने हात पुसून ते उघडलं. पहिला फोटो पांढरा, दुसरा पांढरा, सगळेच साईसारखे पांढरे. लॉजच्या उबेत नेलेल्या गार काचेवर बाष्प धरलं होतं आणि बाहेर नेताच त्याचा बर्फ झाला होता. ताईने एकही फोटो न वगळता सगळे पाहिले. तिने टोमणा मारला नाही, तेव्हा मी भाऊजींकडे बघायचं टाळलं.

ते उठून वर गेले. परत आले ते ताईची हिरवी शिफॉनची साडी घेऊन, जांभळ्या काठाची. जिन्याच्या कठड्यावर त्यांनी ती वरपासून खालपर्यंत सोडली, मागे टेबललॅम्प ठेवला, खोलीतले दिवे मालवायला मला सांगितलं आणि टेबलफॅन हातात धरून पायऱ्यांवर चढउतार करू लागले. "हं, आता डावीकडून येतोय. आता घडी पडतेय बघ. नाही, एवढा जोरात नसतो, थांब." पंखा जड होता, त्यांना धाप लागली होती, डोक्यावर माकडटोपी होती. साडी हलत होती. ताई सोफ्यावर बसून बघत राहिली, बराच वेळ. मग म्हणाली, "इस्त्री तुम्हीच करायची."

पुढच्या उन्हाळ्यात छातीच्या डॉक्टरांनी ताईला नवी औषधं दिली आणि तोंडावर मफलर बांधून चार दिवस जायला हरकत नाही म्हणाले. भाऊजींनी लगेच जानेवारीची दोन तिकिटं काढली. नोव्हेंबरात ते गेले.

भाऊजींचे दिवस झाल्यावर मी ताईला विचारलं, की जानेवारीत नॉर्वेला मी येऊ का तुझ्याबरोबर. ती चहा गाळत होती.

"नको रे. माझे बघून झालेत." कप माझ्यापुढे सरकवून ती म्हणाली, "तिथे आकाश असेल. पंखा कोण धरणार?"

संध्याकाळी रीडिंग स्टेशनातून बाहेर पडलो की मी अजूनही एकदा उत्तरेकडे बघतो. तिथे नारिंगी उजेड असतो.

कॅमेरा माझ्याकडे आहे, टोपड्यासकट. साडी ताईकडे आहे.