स्कॅनरच्या मागचे बूच

रेगे बाईंनी टेबलावर प्लास्टिकचा डबा ठेवला आणि झाकण उघडले. आधी डांबरगोळ्यांचा वास आला, मग त्याच्या आडून दुसरा, आंबट, नाकाला झोंबणारा. जुन्या फिल्मचा पाया कुजू लागला की असा व्हिनेगरसारखा वास सुटतो. घट्ट झाकणाच्या डब्यात तो कोंडतो आणि फिल्मलाच खात बसतो. बाईंना मी हे सांगितले नाही. त्यांच्या वडिलांनी तो डबा जिवापाड जपला होता.

आत बटर पेपरमध्ये एकच निगेटिव्ह होती. कडा लाटेसारख्या वळलेल्या.

"ही माझी आई," बाई म्हणाल्या. नाहूरला राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, शब्द मोजून बोलणाऱ्या. "मी अंगावर पीत होते तेव्हाच गेली. बाबांनी हिची प्रिंट कधी काढली नाही. श्राद्धाच्या दिवशी खिडकीपाशी धरून बघायचे, मलाही दाखवायचे. केस पांढरे, चेहरा काळा. मी आईला आयुष्यभर अशीच पाहिलीय. मागच्या वर्षी बाबा गेले. आता मला ती सरळ बघायचीय."

बाईंच्या भाच्याने मोबाइलवर निगेटिव्हचा फोटो काढून त्याचे काळे-पांढरे उलटवून पाहिले होते. चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा डाग आला. निगेटिव्हमध्ये तो भाग इतका दाट होता की मोबाइलला त्याच्या पलीकडचे दिसेना.

मुलुंडच्या आमच्या स्टुडिओत आम्ही जुने फोटो आणि फिल्म स्कॅन करतो. स्टुडिओ परब साहेबांचा, मशीनवर मी. त्यांनी निगेटिव्ह ट्यूबलाइटसमोर धरली आणि कोपऱ्यातल्या जुन्या फिल्म स्कॅनरकडे पाहिले.

"वैदेही, हे आपलं म्हातारंच करील. नव्या पोरांना एवढं दाट भेदवत नाही."

"पण साहेब, म्हाताऱ्याला जोडायचं कशाला? त्याचा कॉम्प्युटर तर नवरात्रातच बसला."

"बसला तर बसला. नव्याला जोडू. सगळ्याक अडॅप्टर गावता गो."

अडचण अशी होती. या स्कॅनरला स्कझी नावाचे जोडणीचे तोंड आहे: रुंद, दोन ओळींत पिनांनी भरलेले, फणीच्या दातांसारखे. आमच्या नव्या लॅपटॉपला तोंड म्हणजे नखाएवढी एक फट. या दोघांची भाषा एक नाही, पिढीही एक नाही. मध्ये दुभाषे बसवावे लागतात. स्कझीचे बोलणे फायरवायर या मधल्या पिढीच्या जोडणीला सांगणारा एक डबा साहेबांनी बोरीवलीच्या एका जुन्या प्रेसवाल्याकडून मागून आणला. फायरवायरचे थंडरबोल्ट या त्याहून नव्या जोडणीला सांगणारा दुसरा, आणि जुन्या थंडरबोल्टचे नव्याला सांगणारा तिसरा. टेबलावर ती माळ मांडली तेव्हा साहेब म्हणाले, "लग्नातसुद्धा याहून मध्यस्थ कमी असतात."

स्कॅनर सुरू केला. आतून ओळखीची घरघर आली, तापलेल्या धुळीचा मंद वास आला, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर त्याचे नाव उमटले. मी एक जुनी स्लाइड लावून पाहिली. स्वच्छ आली. दुसरी लावली, तीही आली.

"झकास," साहेब म्हणाले. "बाईंना बोलव."

मोठा स्कॅन मात्र वेगळा असतो. स्लाइडचे काम चहा गाळून होईतो संपते. या निगेटिव्हसाठी दिवा अगदी सावकाश सरकणार होता, आणि त्याने वाचलेले सगळे त्या तीन दुभाष्यांमधून अखंड वाहत जायचे होते. फिल्मची अवस्था पाहता संधी बहुधा एकच. मी ती दोन काचांमध्ये अलगद दाबून बसवली. ओल्या पानासारखी ती काचेला चिकटली.

बाई माझ्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. पदर हातात घट्ट धरलेला.

प्रतिमा खालून वर येऊ लागली. आधी सतरंजीची पट्टी. मग नऊवारीच्या निऱ्या. मग मांडीवर एकावर एक ठेवलेले हात, त्यांतल्या बांगड्यांवरची उन्हाची रेघसुद्धा स्पष्ट.

"माझ्या हातांसारखेच," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "बोटं बघा ना."

मग काठ, गळा, मंगळसूत्राच्या वाट्या. हनुवटी.

तिथे पडदा थांबला.

"काय झालं?" साहेब मागून म्हणाले. "वैदेही, काय झालं?"

लॅपटॉपला स्कॅनर दिसत नव्हता. स्कॅनर मात्र जिवंत होता. दिवा पेटलेला, पण सरकत नव्हता. तो नेमका चेहऱ्याखाली उभा होता, आणि त्याची ऊब एकाच जागी साचत होती. आंबट वास अचानक दाटला. मी भिंतीतला स्विच बंद केला, काचांची चौकट ओढून बाहेर काढली. चेहऱ्यावरचा थर उचलला गेला होता. सायीवर पडाव्यात तशा सुरकुत्या त्यावर पडल्या होत्या.

बाई स्टुलावरून उठून चौकटीवर वाकल्या.

साहेबांनी स्कॅनर भिंतीपासून ओढला. मागे स्कझीची दोन तोंडे असतात. एकात केबल, दुसरे उघडे. उघडे असता कामा नये. तिथे एक बूच लागते, त्याला टर्मिनेटर म्हणतात. त्याला तार नसते, दिवा नसतो. टोकाला पोहोचलेला संदेश तिथे विरतो. बूच नसेल तर दरीत मारलेल्या हाकेसारखा तो परत येतो आणि मागून येणाऱ्या संदेशात मिसळतो. थोडे बोलणे असले की निभते. बोलणे लांबले की गोंधळ होतो.

साहेबांनी त्या उघड्या तोंडावर बोट ठेवले. मग उठले आणि हत्यारांचा खण उघडला. कटर, चिमटे, स्टीलची पट्टी, आणि त्यांच्यात ते बूच. सगळ्यांवर हळदीकुंकवाची बोटे, झेंडूची एक वाळकी पाकळी.

"खंडेनवमीला पुसायला काढलं होतं," ते म्हणाले. "त्याला काहीच जोडलेलं नव्हतं गो. मला वाटलं, जास्तीचं असेल. पूजेला ठेवलं आणि..."

त्यांनी बूच माझ्या हातावर ठेवले.

कुंकू पुसून मी बूच जागेवर लावले आणि निगेटिव्ह पुन्हा बसवली. या वेळी दिवा टोकापर्यंत गेला, एकदाही न अडखळता. हात तसेच आले, गळा तसाच. चेहऱ्यावर भेगांचे जाळे. त्याच्या आडून एक भुवई, एक डोळा, कपाळावरच्या कुंकवाचा अर्धा चंद्र. मी नंतर पुष्कळ दिवस त्यावर काम केले, पण जे नव्हते ते रंगवले नाही. बाईंनी तसे बजावले होते.

प्रिंट न्यायला त्या आल्या तेव्हा बराच वेळ आईच्या हातांकडेच पाहत होत्या. साहेब म्हणाले, "बाई, आमची चूक झाली." त्यांनी मान हलवली. ती हो होती की नाही, हे आम्हा दोघांनाही अजून ठरवता आलेले नाही.

जाताना दारात थांबल्या. "हिची उलटी प्रतही द्याल? केस पांढरे असलेली. ती माझ्या ओळखीची आहे."

ती मी काढून दिली.

आता खंडेनवमीला आम्ही यंत्रांना फुले वाहतो, पण त्यांचे काहीही सुटे करत नाही. आणि कुणाचे काम लावण्यापूर्वी मी स्कॅनरच्या मागे हात घालून बूच चाचपते. ज्याला काहीच जोडलेले नसते, ते जास्तीचे असतेच असे नाही.