दोन थापा

आमचे सर पडायचे फार सुंदर. शंभर किलोला टेकलेला देह, पण आमच्यापैकी कुणीही मनगट पिरगाळलं की गादीवर असे आदळायचे की हॉलच्या खिडक्या वाजायच्या. सव्वीस जानेवारीला कॉलनीच्या मैदानात आम्ही त्यांना ओळीने पाडायचो आणि पालक टाळ्या वाजवायचे. माझी आई तर शेजारणीला कोपर मारून सांगायची, ती तिसरी आहे ना, ती आमची.

तुलसी नगरच्या त्या हॉलमध्ये मी नऊ वर्षं आत्मसंरक्षण शिकले. शेवटची तीन वर्षं रविवारी लहान मुलींची बॅच मीच घ्यायचे. आमचे आजोबा नागपूरहून सरकारी ऑफिस हललं तेव्हा त्याच्याबरोबर भोपाळला आलेले, सर ग्वाल्हेरचे, म्हणून आमच्यात मराठी चालायची आणि बाकी मुलींसाठी हिंदी. वडील गेल्यावर माझ्या स्कूटीच्या कर्जाच्या अर्जावर जामीनदार म्हणून सही कुणी केली असेल, तर सरांनी. हे मुद्दाम सांगते, म्हणजे पुढचं का लागलं ते कळेल.

क्लासमध्ये एक नियम होता. पकड फार घट्ट झाली, दुखलं, की समोरच्याच्या हातावर उघड्या पंजाने दोनदा थोपटायचं. तो तत्क्षणी सोडणार. "थाप मारा," असं सर म्हणायचे आणि आम्ही दोघीतिघी मराठी मुली खुसुखुसु हसायचो, कारण आमच्या घरी थाप मारतो म्हणजे खोटं बोलतो. हिंदीवाल्या मुलींना कळायचं नाही आम्ही का हसतो ते. सर डोळे वटारायचे. थापेचा अपमान करायचा नाही, तिच्यावरच सगळा विश्वास उभा आहे, म्हणायचे. नऊ वर्षांत मी किती थापा मारल्या आणि किती थापांवर हात सोडला, देव जाणे.

मागच्या मार्चमध्ये मावशीला गाडीत बसवून मी हबीबगंजहून निघाले. स्टेशनचं नाव कधीच बदललं, पण आमच्या तोंडातून अजून हेच निघतं. भर दुपार होती. पार्किंगमधून स्कूटी मागे घेताना शेजारच्या मोटरसायकलच्या आरशाला धक्का लागला. फुटला नाही, नुसता हलला. मालक आला. इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा. आधी म्हणाला, कोई बात नहीं. मग म्हणाला, नंबर तो दे दो. मी नाही म्हटलं आणि वळले, तर त्याने मनगट धरलं.

आता, क्लासमध्ये मनगट कसं धरलं जातं ते ऐका. समोरून, उजव्या हाताने, पायात काही नसताना, आणि सरांनी "रेडी" म्हटल्यावर. ह्याने बाजूने धरलं, डाव्या हाताने, माझ्या दुसऱ्या हातात हेल्मेट आणि खांद्यावर पर्स असताना. वर तो हसत बोलतच होता आणि बोलता बोलता ओढत होता. लांबून कुणाला वाटलं असतं, ओळखीतलेच दिसतात. मी शिकवल्याप्रमाणे त्याच्या अंगठ्याच्या बाजूने हात फिरवला. सरांची मूठ नेमकी तिथे उघडायची. ह्याची आवळली.

आणि मग मी जे केलं ते लिहायला मला वर्ष लागलं. हेल्मेट खाली टाकलं आणि मोकळ्या हाताने त्याच्या हातावर दोनदा थोपटलं. उघड्या पंजाने, नीट, शिकवल्यासारखं.

त्याने आधी माझ्या पंजाकडे बघितलं. "शाबाशी दे रही हो क्या?" म्हणाला, आणि खरंच मनापासून हसला.

पार्किंगची पावती फाडणारा माणूस ओरडत आला म्हणून त्याने सोडलं, आरामात गाडी सुरू केली आणि गेला. मी काही त्याच्या हातावर तुरी देऊन पळाले नव्हते. मी तर ओरडलेही नव्हते. मनगटावर चार निळे वळ आठवडाभर राहिले. ऑफिसात सांगितलं, बांगडी रुतली. म्हणजे तिथेही थापच मारली.

त्या शनिवारी मी सरांना सगळं सांगितलं. हॉल रिकामा होता, त्यांनी खालून दोन चहा मागवले होते. मला वाटलं होतं त्यांना धक्का बसेल. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, तू घाबरलीस, घाबरलं की टेक्निक जातं. मी म्हटलं, टेक्निक गेलं असतं तर बरं झालं असतं, ते नको तेवढं पक्कं बसलंय. त्यावर ते सहज बोलून गेले, "तिलाही मी हेच सांगितलं होतं."

कुणाला, ते मी विचारलं. सरांनी चहाकडे बघत तिचं नाव सांगितलं. दोन वर्षांपूर्वी आमच्यातली एक मुलगी अचानक यायची बंद झाली होती. अभ्यास वाढला, असं सरांनी आम्हाला सांगितलं होतं. मी तिला जवाहर चौकात गाठून चारचौघांत झापलं होतं, की मेहनत नको म्हणून पळालीस. सरांनी आत्ता सांगितलं, तिला बसमध्ये एकाने धरलं होतं. तिनेही थोपटलं होतं.

म्हणजे सरांना माहीत होतं. दोन वर्षं माहीत होतं आणि दोन वर्षं ते तसेच सुंदर पडत राहिले. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणारा शेवटपर्यंत मायेनेच बोलत असतो.

"मुलींना सांगू नकोस," सर म्हणाले. "आत्मविश्वास जाईल त्यांचा."

मी चहा तसाच ठेवून उठले. इतका राग मला त्या आरसेवाल्याचाही आला नव्हता. तो निदान माझा कुणी नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी मुलींना चपला घालूनच आत बोलावलं, दप्तरं खांद्यावर राहू द्या म्हटलं. स्टेशनवरचं सगळं सांगितलं, शाबाशीसकट. सर दारात उभे होते, त्यांनी अडवलं नाही, आत आलेही नाहीत. दुखलं तर तोंडाने "बस" म्हणायचं, मी सोडेन, असं ठरवलं. पण नुसत्या थापेवर आजपासून कुणी कुणाला सोडणार नाही. "रेडी" कुणी म्हणणार नाही. ओरडायचं, हातात असेल ते वापरायचं, गेटपर्यंत पळायचं, आणि जी पळाली ती जिंकली.

मुलींनी माना डोलावल्या. मान डोलावणं सोपं असतं.

नववीतली एक मुलगी होती, माझी सगळ्यात लाडकी. तीन वर्षांत एक रविवार चुकवला नव्हता तिने. ती पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत असताना मी बाजूने जाऊन तिचं मनगट धरलं आणि ओढलं. तिने अंगठ्याच्या बाजूने हात फिरवला. मी सोडलं नाही. मग तिने माझ्या हातावर दोनदा थोपटलं आणि सुटल्यासारखी सैल उभी राहिली.

मी सोडलं नाही.

"दीदी, थाप दी ना मैंने," ती म्हणाली. मी ओढत राहिले. तिचे डोळे भरले. मग तिने बाटली माझ्या बोटांवर इतक्या जोरात हाणली की मूठ आपोआप उघडली, आणि ती किंचाळत, एक चप्पल मागे टाकून, सरांच्या बाजूने गेटपर्यंत पळाली.

मी तिची चप्पल उचलून, बोटं चोळत तिच्यामागे गेले, शाबास म्हणायला. ती गेटला टेकून धापा टाकत होती. जवळ आले तशी दोन पावलं मागे सरकली.

"पहले क्यों छोड़ देती थीं?" तिने विचारलं.

सर मागे दारातच उभे होते. मी तिची चप्पल हातात धरून उभी राहिले.